थोरल्या वहिनींचे दात

पुतणीचे लग्न वैशाखात ठरले आणि थोरल्या वहिनींनी मला बाजूला घेऊन हळूच विचारले, "भाऊजी, तालुक्याला दात पांढरे करून देतात म्हणे. किती घेत असतील?"

मला हसू आले. वहिनींना साठी जवळ आली आहे. त्या म्हणाल्या, "हसू नका. लेकीच्या लग्नातल्या फोटोत काय तोंड मिटून बसू?"

वहिनींचे दात मशेरीने काळे पडलेले. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा त्यांना मशेरी ठाऊक नव्हती. सवय लावली ती माझ्याच आईने. आई तव्यावर तंबाखूची पाने करपेपर्यंत भाजायची. त्या धुराने आम्ही पोरे ठसकत अंगणात पळायचो. मग ती पाने कुस्करून डबीत भरायची. सकाळी एकदा आणि जेवणानंतर दोनदा, सासू-सुना ओट्यावर बसून लावायच्या. आई गेल्यावर डबी वहिनींकडे आली. आणि सांगायला लाज वाटते, आठवड्याच्या बाजारातून तंबाखू आणून देणारा मीच होतो. फवारणी करताना तोंडाला फडके बांधा, हातमोजे घाला, असे गावोगाव सांगत फिरणारा मी, घरातल्या ओट्याकडे कधी बघितलेच नाही. १९९२ साली केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला कोण अडवणार?

तालुक्याला जाण्याआधी वहिनींनी घरगुती उपाय करून पाहिला होता. कुणीतरी सांगितले म्हणून आठ दिवस लिंबू आणि खायचा सोडा घासला. दात पांढरे झाले नाहीत, शिवशिवायला मात्र लागले. आपल्या चुनखडीच्या जमिनीवर आम्लाचे चार थेंब टाकले की ती फसफसते, हे मी शेतकऱ्यांना कितीदा करून दाखवले आहे. दाताचे वरचे कवचही चुन्याच्याच जातीचे, कॅल्शियम आणि फॉस्फेटचे. ते फसफसत नाही, पण आम्लाने झिजते, आणि झिजलेले पुन्हा उगवत नाही. ठिबकच्या नळ्यांत क्षार साचले की आपण आम्ल सोडतो, ते नळीला चालते. दाताला नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाई तरुण होत्या. त्यांनी वहिनींना आरसा दाखवला. खालच्या पुढच्या दातांच्या मागे कीटणाचा थर, पाण्याच्या हंड्याला आतून बसतो तसा. त्या म्हणाल्या, "आजी, आधी स्वच्छता, मग पांढरेपणाचं बघू."

वहिनी बिचकल्या. शेजारणीने सांगितले होते की मशीन लावले की दात हलायला लागतात. आपल्याकडे हा समज घरोघरी आहे, आणि खरे सांगायचे तर माझाही होता. बाईंनी समजावले. कीटण हिरडीला खाली ढकलते, तिच्या आत शिरते आणि दाताभोवतीचे हाड हळूहळू खाऊन टाकते. दात तेव्हाच सैल झालेला असतो, फक्त दगडासारख्या थराने शेजारच्या दातांना चिकटून उभा असतो. थर निघाला की तो हललेला कळतो, आणि आपण दोष मशीनला देतो. मशीनही काही कापत नाही. तिचे टोक अतिशय जलद थरथरते, पाण्याची धार चालू असते, आणि कीटणाचे कपचे सुटून येतात.

दोन खेपांत काम झाले. थुंकीत रक्त बघून वहिनी घाबरल्या. सुजलेल्या हिरडीतून ते येतेच. चार-पाच दिवस गार पाणी झोंबले, दातांत फटी झाल्यासारखे वाटले. पण काळेपणा बराचसा गेला, आणि तोंडाचा वासही.

दात पांढरे करायचे औषध म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडच्या जातीचे. बाईंनी ते वहिनींना द्यायला साफ नकार दिला. मुळे उघडी पडली आहेत, शिवशिव वाढेल, आणि मशेरी चालू राहिली तर रंग पुन्हा चढेल, म्हणाल्या. पैसे मिळत असताना नको म्हणणारी डॉक्टर मला आवडली.

पण त्यांचे लक्ष दुसरीकडेच होते. डाव्या गालाच्या आत, खालच्या बाजूला, एक पांढरा चट्टा होता. कापसाने पुसला, निघाला नाही. मशेरी लावून वहिनी तिथेच थोडी धरून ठेवायच्या. "दुखत नाही ना?" बाईंनी विचारले. "अजिबात नाही," वहिनी खुशीत म्हणाल्या. बाई काही बोलल्या नाहीत. मला बाहेर बोलावून सांगितले, आजपासून मशेरी बंद, पंधरा दिवसांनी परत आणा, चट्टा राहिला तर तुकडा काढून तपासायला पाठवू.

परतताना एसटीत मी खिडकीबाहेर बघत बसलो. आईचा तवा डोळ्यांपुढून जाईना.

ते पंधरा दिवस वहिनींनी कसे काढले, त्यांनाच ठाऊक. डोके दुखायचे, पोट साफ व्हायचे नाही, पोरांवर विनाकारण ओरडायच्या. दोनदा शेजारणीकडून चिमूटभर आणून लावली आणि मग स्वतःच येऊन मला सांगितले. मी रागावलो नाही. कुठल्या तोंडाने रागावणार?

पंधरा दिवसांनी चट्टा लहान झाला होता, पण गेला नव्हता. तुकडा तपासायला गेला. त्या आठवड्यात घरात लग्नाच्या पत्रिका छापून आल्या आणि कुणाला त्या उघडून बघायचे सुचले नाही. अहवाल आला: कर्करोग नाही. मात्र दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचे, असे बाईंनी बजावले.

लग्नाच्या फोटोत वहिनी तोंड भरून हसल्या आहेत. दात मोत्यासारखे नाहीत, जरा पिवळसरच आहेत. पुढची खेप पोळ्यानंतर आहे. बाईंनी त्या दिवशी माझेही नाव लिहून घेतले आहे. वीस वर्षांचे कीटण आहे, वेळ लागेल म्हणाल्या.