होइ आन : गाळानें राखलेलें बंदर

व्हिएतनामच्या मध्य किनाऱ्यावरील होइ आन हें नांव आमच्या वाचकांपैकीं थोड्यांच्याच परिचयाचें असेल. पंधराव्या शतकापासून एकोणिसाव्यापर्यंत चिनी, जपानी व युरोपीय व्यापारी येथें येत. पुढें थू बोन नदीचें मुख गाळानें भरत गेलें, मोठीं जहाजें दा नांगकडे वळलीं आणि गांव मागें पडलें. या दारिद्र्यानेंच त्याचें रक्षण केलें असें आम्हांस वाटतें. जुनीं घरें पाडून नवीं उठविण्याइतका पैसा कोणाच्या हातीं खेळलाच नाहीं. ३० हेक्टरांच्या वस्तींत लाकडी सांगाड्याच्या १,१०७ इमारती उरल्या. पोलंडचे स्थापत्यज्ञ काझिमिएश क्वियात्कोव्स्की यांनीं या ठेव्याची महती जाणून त्याच्या रक्षणास हातभार लाविला, आणि १९९९ सालीं युनेस्कोनें त्यास जागतिक वारशांत स्थान दिलें.

नदीनें वर सुमारें ४० किलोमीटर गेलें असतां मी सन येथें चंपा राज्याचीं शिवमंदिरें लागतात. चौथ्या शतकाच्या अखेरीस राजा भद्रवर्मा यानें येथें भद्रेश्वराची स्थापना केली. आपल्या पुरातत्त्व खात्यानें २०१७ पासून तेथील कांहीं मंदिरांची डागडुजी केली. २०२० सालीं त्या कामांत अखंड दगडाचें एक शिवलिंग सांपडलें. उभा जन्म मुलांकडून विभक्त्या घोकून घेतलेल्या आम्हांस तेथील संस्कृत शिलालेख पाहून काय वाटलें, तें लिहीत नाहीं.

होइ आनचें घर रस्त्याकडून अरुंद, आंत मात्र लांबच लांब, मध्यें उघडा चौक. तान की नांवाच्या घरांत माडीच्या तक्तपोशीला झडप आहे. पूर आला कीं तींतून माल वर ओढावयाचा. भिंतीवर पुरांच्या खुणा आहेत, त्यांत १९६४ ची फार उंच. ऑक्टोबर २०२५ मध्यें पुनः या गल्ल्यांतून होड्या चालल्या.

अशा घरांची दुरुस्ती खर्चाची. जुन्या पेठेंत शिरतांना प्रवाशाकडून तिकिटाचे पैसे घेतात व त्यांचा मोठा वांटा दुरुस्तीकडे वळवितात. घरमालकासही साहाय्य मिळतें. त्यांतही दुकानास निरुपयोगी अशा आंतल्या गल्लींतील घरास अधिक. ही योजना आम्हांस शहाणपणाची वाटली. तिच्यामुळें नदीपलीकडील किम बोंग गांवच्या सुतारांस पिढीजात विद्येवर पोट भरतां येतें. दर शुक्ल चतुर्दशीस विजेचे दिवे मंद करून रेशमी कंदील लावितात. समोरच्या कू लाओ चाम बेटावर तर २००९ पासून प्लॅस्टिकची पिशवीच वर्ज्य!

जपान्यांनीं बांधलेल्या पुलास १७१९ सालीं तेथील अधिपतीनें ‘दुरून आलेल्यांचा पूल’ असें नांव दिलें. त्याचा जीर्णोद्धार २०२४ मध्यें पुरा झाला, तेव्हां तो फारच नवा दिसतो अशी ओरड उठली. रंग उन्हापावसानें उतरेल. आम्हांस ती चिंता नाहीं. चिंता आहे ती माणसांची. भाडें इतकें चढलें आहे कीं मालक पुढचा सोपा परक्या दुकानदारास देऊन स्वतः पेठेबाहेर राहावयास जातात. पितरांचें देवघर मागें राहतें आणि दिवा लावण्यास कोणी तरी सायंकाळीं येऊन जातें.

एका घरांत पुढें शिंप्याचें दुकान होतें आणि मागील चौकांत एक वृद्ध बाई तांदूळ निवडीत होत्या. मुलगा सगळेंच घर भाड्यानें देऊं म्हणतो, असें दुभाष्यानें सांगितलें. त्यांचें उत्तर काय, असें आम्ही विचारविलें. बाईंनीं सूप खालीं ठेविलें, देवघराकडे बोट दाखविलें आणि पुनः निवडावयास घेतलें.