बंदूक फाटकाबाहेर

माझी आई कुणाच्या हातात विळी देत नसे. शेजारीण मागायला आली की विळी जमिनीवर ठेवायची आणि म्हणायची, "घे बाई, तू आपल्या हातानं." लहानपणी वाटायचं, हात कापेल म्हणून ठेवत असेल. लग्न होऊन आदिलाबादला आले, इथल्या मंदिरात दुपारच्या स्वाध्यायाला आम्ही बायकांनी रत्नकरंड श्रावकाचार घेतला, तेव्हा उलगडलं. अनर्थदंडाच्या प्रकरणात हिंसादान सांगितलंय. कुऱ्हाड, तलवार, कुदळ, विस्तव, अशी हिंसेची साधनं दुसऱ्याला पुरवणं हाही दोषच. आई चौथी शिकलेली. तिनं हे तिच्या सासूकडून उचललं होतं. विळी शेजारणीकडे जायची ती जायचीच, फक्त आईच्या हातून जायची नाही.

आज लिहायचंय ते बंदुकीबद्दल. आणि बंदूक म्हटली की मला आधी आईची ती विळी दिसते.

आमचं कापसाचं जिन आणि आमचं घर एकाच आवारात. मध्ये एक लोखंडी फाटक. दसऱ्यानंतर हंगाम सुरू झाला की बेला, जैनथ, तामसीकडून कापूस येतो, पैनगंगेपलीकडून यवतमाळ जिल्ह्यातल्याही गाड्या येतात. (जैनथमध्ये देऊळ आहे लक्ष्मीनारायणाचं, पण गावाचं नाव ऐकून आमची प्रत्येक पाहुणी विचारते, "तिथे आपलं काही आहे का गं?") त्या काळात पैसे रोख द्यावे लागत. सकाळी बँकेतून पोतं भरून नोटा यायच्या आणि दिवेलागणीला पोतं रिकामं. २००९ च्या हंगामात ओळखीतल्या एका व्यापाऱ्याची पिशवी भर रस्त्यात हिसकावली गेली, आणि आमच्या ह्यांनी ठरवलं की बंदूकवाला ठेवायचा.

मामंजींना ते मुळीच पटलं नाही. ह्यांनी शास्त्र काढलं. संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी अशी चार प्रकारची हिंसा, त्यातली संकल्पी गृहस्थानं सोडायची. स्वतःच्या रक्षणासाठी घडते ती विरोधी, तिची गृहस्थाला मोकळीक आहे. शिवाय चामुंडराय सेनापतीच होता की! मामंजी म्हणाले, "चामुंडरायानं श्रवणबेळगोळला बाहुबली उभा केला. तू काय उभं करणार, सरकीचा ढीग?"

पण बंदूकवाला आला. बेल्याकडच्या खेड्यातले, फौजेतून निवृत्त झालेले. सगळे त्यांना फौजीकाका म्हणायचे. बंदूक बारा बोअरची दुनळी, त्यांची स्वतःची.

हे 'त्यांची स्वतःची' मला तेव्हा नीट समजलं नव्हतं. वाटायचं, पोलिसासारखी बंदूक मिळत असेल कुठून तरी. तसं नसतं. परवाना माणसाच्या नावावर असतो, १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली. बँकेच्या दारात, दुकानात, जिनात जे बंदूकवाले उभे दिसतात, त्यातल्या कितीतरी जणांची बंदूक घरची असते. ती विकत घ्यायची त्यांनी, काडतुसं त्यांनी, दर तीन वर्षांनी नूतनीकरणाचे हेलपाटे त्यांनी घालायचे. (२०१९ च्या दुरुस्तीनंतर तीनाची पाच वर्षं झाली.) हरवली, चोरीला गेली, कुणाच्या हाती लागली, तर तुरुंगातही त्यांनीच जायचं. शेठनं फक्त महिन्याचा पगार द्यायचा. साध्या चौकीदारापेक्षा थोडा जास्त.

मामंजींनी नियम घातले. बंदूक फाटकाच्या आत, घराच्या बाजूला येणार नाही. जिनाच्या शेडमध्ये काडतूस भरलेलं नसेल. ऑफिसच्या कपाटात ठेवायची नाही, कारण वरच पार्श्वनाथांची तसबीर. पर्युषणात आणि महाराजांचा विहार आमच्या रस्त्यानं असेल त्या दिवशी बंदूक नजरेला पडता कामा नये.

शेडचा नियम योग्यच होता, हे मी आजही म्हणेन. कापसातून एखादा खडा यंत्रात गेला तरी ठिणगी उडते आणि ढीगच्या ढीग पेटतो. जिनात विडी ओढणाऱ्याला आम्ही उभा करत नाही, तिथे बार कसा चालेल? फौजीकाकांनीही मान डोलावली. काडतुसं कमरेच्या पट्ट्यात, बंदूक मोडून खांद्यावर. पण बाकीच्या नियमांचा अर्थ असा झाला की काम संपल्यावर बंदूक ठेवायला आमच्या एवढ्या मोठ्या आवारात जागाच नाही. ज्या रात्री पहारा नसेल त्या रात्री ते ती घोंगडीत गुंडाळून लूनावर घरी न्यायचे. थंडीत वीस-बावीस किलोमीटर. पहाऱ्याच्या रात्री जेवण आमच्याकडून जायचं, तेही दिवस मावळायच्या आत. रात्री दोनला भुकेनं त्यांचं काय होत असेल हा विचार आमच्या घरात कुणी केला नाही. ते आपले फडक्यात भाकर बांधून आणायचे. तेल लावून बंदूक पुसायची तर सरकीच्या गोदामामागे. एकदा मी तिकडून गेले तर घाईनं पोतं टाकलं त्यांनी तिच्यावर, जसं काही मी नागवं काही पाहिलं.

मी म्हटलं, "असू द्या काका."

"नाई वहिनी, शेठजीचा कायदा हाय. बंदूक माही हाय, पन जागा तुमची हाय ना."

माझी भाची अमेरिकेत टेक्सासला असते. तिच्या ऑफिसच्या दारावर बंदुकीवर फुली मारलेली पाटी आहे. तिला वाटलं, झालं, आत बंदूक नाही म्हणजे नाही. मग कळलं की तिथे २०११ पासून कायदाच आहे. नोकरानं आपली बंदूक स्वतःच्या कुलूपबंद गाडीत ठेवली आणि गाडी कंपनीच्या आवारात लावली, तर मालकाला सहसा मनाई करता येत नाही. तिच्या साहेबाला ते अजिबात आवडत नाही, पण करतो काय! मी फोनवर हसले. फौजीकाकांच्या लूनाला कुठली डिकी आणि कुठलं कुलूप.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती सांगायला मला जड जातंय.

२०१८ च्या ऑक्टोबरात तेलंगणाची विधानसभा निवडणूक जाहीर झाली. मतदान ७ डिसेंबरला, म्हणजे ऐन हंगामात. निवडणूक आली की परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करायला सांगतात. फौजीकाका बंदूक देऊन पावती घेऊन आले. विधानसभा झाली तर जानेवारीत ग्रामपंचायती, मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता, ११ एप्रिलला मतदान, मेमध्ये मंडल आणि जिल्हा परिषदा. त्या वर्षी आमच्याकडे निवडणुका जशा काही रांगेत उभ्या होत्या. मधेच बंदूक सोडवून आणायची आणि पुन्हा नेऊन द्यायची यात काही राम नव्हता. मे संपेपर्यंत ती ठाण्यातच राहिली.

आणि आम्ही त्यांचा पगार कमी केला. ह्यांचं म्हणणं सरळ होतं, जास्तीचे पैसे बंदुकीचे होते, बंदूक नाही तर ते कसे द्यायचे? नोटाबंदीनंतर कापसाचे पैसेही खात्यावर जायला लागले होते, रोख आधीसारखी राहिली नव्हती. हिशोबाला चूक काही नाही.

पण जमा करण्यातून सूट मिळते. २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालानंतर निवडणूक आयोगानं सांगितलंय की सरसकट सगळ्यांची शस्त्रं घेऊ नका, समिती नेमून एकेकाची छाननी करा. बँकेच्या पहारेकऱ्यांना अशी सूट मिळते, बँक पत्र देते म्हणून. हे फौजीकाकांना त्यांच्या फौजेतल्या दोस्तानं सांगितलं. तो एका बँकेत होता आणि त्याची बंदूक त्याच्याजवळच होती. एके दिवशी दुपारी फाटकाशी येऊन उभे राहिले.

"वहिनी, एक कागद पाहिजे होता. हा मानूस आमच्या जिनात बंदूक घेऊन पहाऱ्याले हाय, याची गरज हाय, येवढंच. शेठजीची सही."

फर्मची इंग्रजी पत्रं मीच लिहायची. बी.ए.चा तेवढाच उपयोग. मी पत्र लिहिलं, चार ओळींचं. ह्यांनी वाचलं, मामंजींकडे पाहिलं. मामंजी तेव्हा ब्याऐंशीचे. म्हणाले, "ठेवलाय तो ठेवलाय. पण 'आम्हाला बंदुकीची गरज आहे' असं आपल्या सहीनं सरकारला लिहून द्यायचं? कृत, कारित, अनुमोदना. निदान एवढं तरी नको." ह्यांनी पत्र घडी करून हिशोबाच्या वहीत ठेवलं. ते तिथेच राहिलं.

मी तेव्हा काय म्हटलं? काहीच नाही. आत गेले आणि तूर निवडायला बसले. तूर निवडताना किडा सापडला तर मी तो कागदावर घेऊन कुंडीत सोडते.

त्यांना दर महिन्याला पैसे देऊन बंदूक उभी करत होतो ते आम्हीच, हे मला दिसत होतं. कारित पूर्ण झालं होतं, नऊ हंगाम झालं होतं. अनुमोदनेच्या सहीपाशी आम्हाला धर्म आठवला, आणि त्याची किंमत पडली फौजीकाकांच्या पगारातून. आईच्या विळीसारखंच. पण आईनं विळी खाली ठेवली म्हणून शेजारीण कधी उपाशी राहिली नाही.

आणखी एक गोष्ट आहे. ती मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. आमच्या फर्ममध्ये मी भागीदार आहे. करासाठी, कागदावर. तुमच्यातल्याही पुष्कळ जणी असतील, दरवर्षी मार्चमध्ये नवरा बोट ठेवेल तिथे सही करणाऱ्या. म्हणजे त्या पत्रावर माझी सही चालली असती. त्या दिवशी ते माझ्या मनातही आलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल. आलं होतं. पुरुषांचं ठरतंय तर आपण कशाला मध्ये, असं म्हणून मी ते झटकलं. त्या वर्षी निकाल लागून बंदूक सुटली, पण फौजीकाका परत आमच्याकडे आले नाहीत. पुढच्या क्षमावाणीला मी सगळ्यांना फोन केले, अगदी भांडकुदळ मावसजावेलासुद्धा. त्यांना नाही केला.

मामंजी चुकलेच होते असंही मी म्हणू शकत नाही. डिसेंबर २०२० मध्ये आमच्याच गावात, ताटीगुड्यात, परवान्याच्या रिव्हॉल्व्हरनं भर वस्तीत गोळ्या झाडल्या गेल्या. एक माणूस गेला, झाडणाऱ्याला जन्मठेप झाली. त्या दिवशी मामंजी एवढंच बोलले, "परवाना होता ना त्याच्याकडे?" पुढच्या वर्षी ते गेले.

फौजीकाका मला मधल्या काळात एका बँकेत दिसले होते. बँकेचं नाव कशाला! मी पासबुक भरायला गेले होते. ते दारात उभे, अंगावर गणवेश, हातात काठी. मी विचारलं, बंदूक? ते हसले. नवे मॅनेजर तरुण होते, त्यांना बंदूक आवडत नव्हती. गिऱ्हाइकं बिचकतात म्हणे, म्हातारीकोतारी येतात. बंदूक आत रेकॉर्डच्या खोलीत ठेवायची. वरून तपासणीला साहेब आले की बाहेर काढायची आणि ताठ उभं राहायचं. "तिथं पार्श्वनाथ होते, इथं क्यामेरा हाय," काका म्हणाले. मला कुठे पाहावं कळेना.

२०२३ च्या नोव्हेंबरात पुन्हा विधानसभा, पुन्हा हंगाम. एक दिवस दुपारी ते फाटकाशी आले. केस पार पांढरे झालेले. बँकेचं काम सुटलं होतं. नागपूरकडे एका एजन्सीत जागा होती, पैसे नेणाऱ्या गाडीवर. त्यासाठी महाराष्ट्रात चालेल असा परवाना हवा, ती वेगळी धावपळ चालू होती. आणि आधी कुठे काम केलं त्याचा दाखला हवा होता. हे यवतमाळला गेले होते. काका म्हणाले, "शेठजी आले की येतो मंग."

मी म्हटलं, "बसा." फाटक उघडलं आणि त्यांना ओट्यावर बसवलं. चहा दिला. दाखला लिहायला घेतला. २००९ ते २०१८ आमच्याकडे पहारेकरी म्हणून होते, वर्तन चांगलं. वाचून दाखवला. ते जरा घुटमळले.

"वहिनी, नुसता पहारेकरी नाई चालत. बंदूकवाला ल्याहा लागते."

मी दुसरा कागद घेतला. सशस्त्र पहारेकरी, स्वतःच्या परवान्याच्या बारा बोअर बंदुकीसह. खाली सही केली, सहीखाली 'भागीदार' लिहिलं. ते अक्षर मला दुसऱ्या कुणाचं तरी वाटलं. फर्मचा शिक्का शोधायला ऑफिसात गेले तर शाईची गादी वाळून खडखडीत झालेली. पाण्याचे दोन थेंब टाकून तीनदा दाबला तेव्हा कुठे अर्धवट उमटला. काकांनी कागद उन्हात धरून वाळवला, घडी केली आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला.

संध्याकाळी हे आले. नियमाप्रमाणे मी त्या दाखल्याची नक्कल जावक फाइलला लावली होती. ह्यांनी चश्मा लावून ती दोनदा वाचली. मी ताटं वाढत होते, दिवस मावळायला थोडाच वेळ होता.

"शिक्का नीट उमटला नाही," हे म्हणाले, आणि जेवायला बसले.