श्वास लागला तर

अण्णांकडे पहिल्यांदा गेले तेव्हा वहिनी पावटे सोलत बसल्या होत्या. कोपऱ्यात ऑक्सिजनचं मशीन घुरघुरत होतं. अण्णा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, वय ८१. फुप्फुसं पार थकलेली, वर्षभरात तीनदा दवाखान्यात राहून आलेले. ज्येष्ठ नागरिक संघातल्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, बाई येतील, कागद समजावतील.

कागद म्हणजे लिव्हिंग विल. आजारातून उठायची आशा उरली नाही आणि आपलं आपल्याला ठरवता येईनासं झालं, तर कोणते उपचार नकोत, हे शुद्धीत असताना लिहून ठेवायचं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी त्याला मान्यता दिली. पण सही मॅजिस्ट्रेटसमोर व्हायला हवी होती. कोण जाणार कोर्टात? २०२३ च्या जानेवारीत ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपल्या वतीने निर्णय कुणी कळवायचा, त्याचं नावही त्यात घालायचं असतं. घोडं अडतं ते बहुतेक तिथेच.

अण्णांचं सगळं ठरलेलं होतं. ऑक्सिजन चालेल, औषधं चालतील, सलाईनही चालेल. घशात नळी घालून मशीनवर ठेवायचं नाही. "बाई, इंजिन गेल्यावर गाडी ढकलत न्यायची नसते. डेपोला कळवायचं." खाट दाराजवळ हवी, शेवग्याचं झाड दिसलं पाहिजे. हे मी वहीत वेगळं लिहून घेतलं. कायद्याला त्याच्याशी काही देणंघेणं नाही, पण मला ते नळीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

मुलगा इतका वेळ दारात उभा होता. नाव त्याचंच घालायचं म्हटल्यावर तो म्हणाला, "मी सही करणार नाही. बापाला मारायच्या कागदावर माझं नाव नको. लोक म्हणतील, पैसे वाचवले."

आम्हा स्वयंसेवकांना शिकवणाऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, फॉर्म पिशवीतच ठेवा, आधी ऐका. मी फॉर्म परत पिशवीत घातला. त्याला सांगितलं, उपचार थांबवायचे की नाही हे तू एकटा ठरवणार नाहीस. तीन डॉक्टरांचं मंडळ बघतं, मग दुसरं मंडळ बघतं, दोन्हींचं एकमत लागतं. त्याने मान हलवली, पण ऐकत नव्हता.

मग मी माझ्या आईचं सांगितलं. ती बारा दिवस व्हेंटिलेटरवर होती. नळी ओढू नये म्हणून तिचे दोन्ही हात पट्टीने कठड्याला बांधलेले. रोज दहा मिनिटं आत सोडायचे. ती बोटं हलवून काहीतरी मागायची. पाणी, की हात सोडा, की आणखी काही, मला आजवर कळलेलं नाही. मी जिथे म्हणतील तिथे सह्या करत गेले. तिला काय हवं होतं ते मी आधी कधी विचारलंच नव्हतं. आमच्या घरात असं अभद्र बोलायची पद्धत नव्हती.

"विचारायला काय झालं होतं?" तो म्हणाला. रागाने नव्हे, खरंच.

"भीती वाटायची."

त्या दिवशी सही झाली नाही. पुढच्या खेपेलाही नाही. तिसऱ्यांदा गेले तेव्हा तो अण्णांच्या पायाशी बसला होता. मी चहा घेत होते आणि त्याने एकदम विचारलं, "अण्णा, रात्री श्वास लागला तर मी काय करू?"

वहिनींचा हात ताटात थांबला. अण्णा बराच वेळ मशीनकडे बघत होते. मग म्हणाले, "मी घाबरेन. तू जवळ बस. लगेच गाडी बोलावू नकोस."

औषधपाण्याबद्दल आम्ही स्वयंसेवक बोलत नाही. घरच्या डॉक्टरांना बोलावलं. दम लागून जीव घाबरतो तेव्हा मॉर्फीनची थोडी मात्रा देता येते, हे त्यांनी त्याला नीट समजावलं. मॉर्फीन म्हणजे शेवट, असंच तो धरून चालला होता. पंधरवड्याने सह्या झाल्या. साक्षीला शेजारचे गुरुजी आणि अण्णांबरोबर अकरा वर्षं ड्यूटी केलेले कंडक्टर आले होते. मूळ कागद कपाटात गेला, एक प्रत डॉक्टरांकडे. महानगरपालिकेत असे कागद जपायला अधिकारी नेमलेला असतो, त्यांच्याकडे मी स्वतः प्रत देऊन आले.

डिसेंबरात पहाटे साडेचारला फोन वाजला. मुलगा कुजबुजत बोलत होता. "बाई, दम लागलाय. डॉक्टर येऊन औषध देऊन गेले. आता जरा शांत आहेत. कागद काढायची वेळच आली नाही, दवाखान्यात नेऊ का विचारलं तर मानेनेच नाही म्हणाले." मागे मशीनचा आवाज येत होता. "खाट दाराकडे सरकवली. अजून अंधार आहे, झाड काही दिसत नाही."

"उजाडेल," मी म्हटलं. "तू बस."

"बसलोय," तो म्हणाला.