तंबू वाळत घालताना

तंबू डोंगरावर मरत नाही, घरी मरतो. रतनवाडीच्या माळावर वारा त्याला रात्रभर झोडपतो, भंडारदऱ्याच्या काठी काजव्यांच्या दिवसांतला वळीव त्याच्यावर कोसळतो, गडावरून उतरताना सॅकला बांधलेली त्याची पिशवी करवंदीच्या काट्यांना घासत येते. एवढं सोसून तो बहुतेक वेळा धडधाकट परततो. मग रविवारी रात्री दमलेली माणसं ती ओली पिशवी तशीच दिवाणाखाली सरकवतात. सोमवारी कामावर जायचं असतं, मंगळवारी विसर पडतो, आणि वाऱ्यापावसाला जे जमलं नाही ते त्या अंधारात होऊन जातं.

एका स्नेह्यांच्या माळ्यावरून असा तंबू खाली काढताना मी तिथं होते. तो किती वर्षं वर पडून होता, घरात कुणालाच सांगता येईना. नाडी सैल करताच आंबूस वास खोलीभर पसरला. घडीला घडी चिकटली होती. उलगडताना चरचर आवाज येत होता. आतला लेप पांढुरक्या पापुद्र्यांनी सुटून बोटांना लागत होता, आणि शिवणींवरची पट्टी हात लावायच्या आधीच लोंबत होती. कापड मात्र शाबूत होतं. रंगसुद्धा ताजा होता. लांबून पाहणाऱ्याला तो नवाच वाटला असता. मला फार वाईट वाटलं, कारण हा तंबू वापरून झिजलेला नव्हता.

नायलॉनचं किंवा पॉलिएस्टरचं कापड स्वतःहून पाऊस थोपवत नाही. पाणी अडवतो तो त्याला दिलेला पॉलियुरेथेनचा पातळ लेप. तंबूच्या लेबलवर २००० किंवा ३००० मिलिमीटर असा आकडा असतो, तो या लेपाची ताकद सांगतो: तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ कापडावर उभा राहिला, तरी पाणी पलीकडे झिरपत नाही. इतकं पाणी तोलणारा हा लेप ओलाव्यासकट बंद पिशवीत पडून राहिला, की तेच पाणी हळूहळू त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडत जातं. उष्णता असेल तर हे काम जास्त झपाट्यानं होतं. वैशाखात तापणारा माळा ही तंबूसाठी सगळ्यात वाईट जागा, आणि नेमकी तीच आपण त्याला देतो. बुरशीची गोष्ट आणखी वेगळी. तिचे काळे ठिपके सहसा निघत नाहीत, आणि कुबट वास तर हटता हटत नाही. ब्लीच वापरून डाग काढायला जावं, तर डागाच्या आधी कापडाचा आणि लेपाचा जीव जातो.

‘पाऊस तर नव्हता, मग ओला कसा असेल?’ हे मार्गशीर्षातल्या भटकंतीनंतर हमखास ऐकू येतं. पण निरभ्र रात्रीच तंबू जास्त भिजतो. उघड्या आभाळाखाली त्याचं वरचं आवरण भोवतालच्या हवेपेक्षा गार पडतं, बाहेरून दंव धरतं, आणि आत झोपलेल्यांच्या श्वासाची वाफ त्याच कापडाच्या आतल्या अंगाला थेंबाथेंबानं जमते. हरिश्चंद्रगडाच्या परिसरात पहाटे बाहेर पडताना त्या आवरणाला डोकं लागलं, की मानेवर जी गार शिरशिरी उतरते, ती आपल्याच श्वासाची असते. उन्हं वर येईपर्यंत थांबायला वेळ नसतो. खाली जीप उभी असते, एसटी चुकवायची नसते. म्हणून तंबू जवळजवळ नेहमीच ओला गुंडाळला जातो, आणि त्यात काही बिघडत नाही. बिघडतं ते पुढं.

घरी आल्यावर मी आधी तो उलटा करून झटकते. दारं उघडी ठेवून दोघींनी कोपरे धरायचे आणि झाडायचा. तांबडी माती पडते, करवंदीचं वाळकं पान पडतं, शेव पडते. शेवेचा एकही कण आत राहू द्यायचा नाही, कारण माळ्यावरच्या उंदराला जाळीपेक्षा तिच्यातल्या खाऊचा वास हवा असतो आणि तो मधली जाळी कुरतडून आत शिरतो. झटकून निघत नाही ते कुसळ. दिवाळीनंतर पठारांवरचं गवत पिकलं, की ही कुसळं तंबूच्या तळात आणि जाळीत रुतून बसतात. एक काढून तळहातावर घेतलं आणि त्याच्यावर पाण्याचा थेंब सोडला, तर त्याची लांब काळसर शेपटी सावकाश वळू लागते. ओली झाली की पीळ उलगडतो, सुकली की पुन्हा बसतो. या फिरण्यावरच गवताचं टोकदार बी स्वतःला जमिनीत रोवून घेतं. दंवात भिजलेल्या आणि सकाळच्या उन्हात सुकलेल्या तंबूवरसुद्धा ते हेच करत असतं. म्हणून ओढून काढायचं नाही, जाळीचा धागा तुटतो. ज्या बाजूला टोक निघालं असेल, त्या बाजूनं चिमट्यात धरून पुढं काढायचं. माझी मुलगी हे काम माझ्याहून नीट करते, तिची नजर तीक्ष्ण आहे.

धुणं थोडक्यात आटपतं. वॉशिंग मशीन नको, कपड्यांची पावडर नको, गरम पाणी नको. बालदीभर साधं पाणी, बिनवासाचा सौम्य साबण, मऊ स्पंज, आणि जिथं चिखल आहे तेवढीच जागा. चेनच्या दातांत बसलेली माती जुन्या टूथब्रशनं काढायची. चेन बिघडते ती बहुतेक वेळा या रेतीनं घासून. दापोली-गुहागरच्या किनाऱ्यावरून आलेला तंबू मात्र अख्खा गोड्या पाण्यातून काढावा लागतो. खारं पाणी वरवर वाळतं, पण मागं राहिलेलं मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं आणि कापड पुन्हा पुन्हा दमट होतं. ॲल्युमिनियमच्या पोलचे सांधेही मीठ खातं. तेही पुसून घ्यायचे.

वाळवण्यासाठी मी गच्चीवर जाते आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीतली दोरी धरते. परवा तिसऱ्या मजल्यावरच्या आजी गोधड्यांना ऊन दाखवायला आल्या होत्या.

“अगं, एवढं लख्ख ऊन सोडून कोपऱ्यात काय वाळत घालतेस?”

“उन्हानं याचं कापड विरतं, आजी.”

“मग माझ्या पैठणीचीच जात म्हणायची,” त्या म्हणाल्या, “सावलीत वाळवायची आणि घडी बदलत राहायची. एकाच घडीवर ठेवलीस, तर त्याच रेघेवर फाटेल बघ.”

आजींनी आयुष्यात तंबू वापरलेला नाही, पण त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. वर्षानुवर्षं त्याच रेघेवर मुडपलेला लेप तिथंच आधी तडकतो.

पावसाळ्यात गच्ची नसतेच. तेव्हा बैठकीच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधायची आणि पंखा रात्रभर सोडायचा. घरात चार माणसं वाकून ये-जा करतात, टीव्हीसमोर हिरवं कापड लोंबत असतं, आणि मला तो दिवस मनापासून आवडतो. कापड लवकर कोरडं होतं. खरी परीक्षा असते कोपऱ्यांतल्या जाड पट्ट्यांची आणि शिवणींची, जिथं तीन-चार पदर एकत्र येतात. हाताला त्या वाळल्या वाटतात, पण गालाला लावून पाहिलं की गारवा कळतो. गारवा लागला, की आणखी एक रात्र पंख्याखाली.

आषाढी वारीतल्या राहुट्या मला या वेळी आठवतात. आळंदीहून पंढरपूरला निघालेल्या दिंड्यांचे तंबू पहाटे उतरतात, ट्रकमध्ये पडतात आणि माणसं चालत पोचायच्या आत पुढच्या मुक्कामी उभे राहतात. रिमझिम चालू असते, ओल्यावर ओल चढत असते. तरी ते टिकतात, कारण रोज उघडतात, रोज वारा खातात. त्यांचाही खरा धोका वारी संपल्यावर, गावातल्या गोदामात सुरू होतो. जुन्या कारभारात तंबू, राहुट्या, कनाती नि गालिचे सांभाळायला फरासखाना नावाचं स्वतंत्र खातंच असे. पुण्यात ते नाव आज पोलीस ठाण्याला आहे. लष्कर हलवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं, की तंबू उभारण्याइतकंच तंबू ठेवणं हे रोजचं, जबाबदारीचं काम आहे.

वाळलेला तंबू मी मूळच्या पिशवीत ठेवत नाही. ती घट्ट पिशवी प्रवासापुरती. घरात त्याच्यासाठी दोन उशांचे सुती अभ्रे जोडून शिवलेली ढगळ थैली आहे. तिच्यात तो घडी न घालता, सैल कोंबलेला असतो, आणि थैली माळ्यावर नाही, कपाटाच्या खालच्या कप्प्यात असते. डांबरगोळ्या नाहीत, तो वास उशाशी घेऊन डोंगरावर रात्र काढायची नसते. पोल मिटताना टोकाकडून नाही, मधल्या सांध्यापासून मिटायचे, म्हणजे आतल्या लवचिक दोरीवर दोन्हीकडून सारखा ताण येतो. खुंट्या पुसून, वाकलेल्या सरळ करून वेगळ्या पिशवीत. थैलीवर एक चिठ्ठी: एक खुंटी कमी, मागच्या दाराच्या जाळीला ठिगळ, चेनला मेण लावलं.

या महिन्यात मुलीच्या कॉलेजचा गट तोच तंबू घेऊन रतनगडाच्या पायथ्याशी चाललाय. त्यातल्या एकानं फार अदबीनं विचारलं, “काकू, धुऊन आणून देऊ ना?” मी त्याला सांगितलं, धुऊ नकोस. चिखलानं माखलेला, ओलाचिंब आणलास तरी चालेल, पण तुमच्या घरी ठेवू नकोस. स्टेशनवरून थेट इकडे ये, कितीही वाजलेले असोत, बेल वाजव.