शून्य गुणांची मॅच

मागच्या महिन्यात भाचीने व्हॉट्सॲपवर साडेतीन मिनिटांचा एक व्हिडिओ पाठवला. तिच्या मैत्रिणीने कापून-जोडून, मागे गाणं टाकून बनवलेला. भाची पुण्यात एस.वाय.ला आहे, कॉलेजच्या संघात गार्ड म्हणून खेळते. उंची पाच फूट तीन इंच. व्हिडिओत ती एकामागून एक थ्री टाकते आणि प्रत्येक बॉल आत जातो. खाली मेसेज होता : "मावशी, खरं खरं सांग. माझं पुढे काही होईल का? रेल्वेच्या ट्रायल्स द्याव्यात म्हणते. आई म्हणते, आधी डिग्री."

आपल्याकडे मुलींच्या बास्केटबॉलमध्ये 'पुढे काही होणं' म्हणजे बहुतेक वेळा रेल्वेत स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी. राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेच्या मुलींचा दबदबा कित्येक वर्षांचा आहे, त्यामुळे त्या संघात शिरणं सोपं नाही. म्हणजे प्रश्न गंमतीचा नव्हता. तरी मी आठ दिवस उत्तर दिलं नाही. कारण असा अंदाज मी याआधी एकदा अगदी छातीठोकपणे केला होता, आणि तो सपशेल चुकला होता.

२०११ साली मी अमेरिकेत एम.एस. करत होते. बर्फामुळे बाहेर पडणं नको वाटायचं आणि कॉलेज बास्केटबॉल टीव्हीवर रोज असायचं. मी स्वतः गार्ड खेळलेली, त्यामुळे बघताना वही घेऊन बसायचे. त्या हिवाळ्यात सगळ्या देशाला एका नावाचं वेड लागलं होतं : जिमर फ्रेडेट. युटामधल्या ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीचा गार्ड, कॉलेजच्या शेवटच्या वर्षात. उंची सहा फूट दोन इंच, अंगकाठी साधी, उडी बेताची. पण हाफ कोर्ट ओलांडला रे ओलांडला की तो शॉट घ्यायचा आणि बॉल आत जायचा. सॅन डिएगो स्टेटचा संघ तोवर एकही सामना हरला नव्हता. जिमरने त्यांच्यावर ४३ गुण केले. मार्चमध्ये न्यू मेक्सिकोवर ५२. मोसमाची सरासरी २८.९, देशात सगळ्यात जास्त. वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचे मोठे पुरस्कार त्यालाच मिळाले.

मी वहीत लिहिलं : 'जिमर = पुढचा करी.' खाली दोन रेघा मारल्या.

तुलना वेडगळ नव्हती. स्टीफन करी तेव्हा एनबीएत दुसऱ्याच वर्षात होता. तोही असाच किरकोळ बांध्याचा. वडील डेल करी एनबीएत खेळलेले, तरी मोठ्या कॉलेजांनी मुलाला शिष्यवृत्ती दिली नाही. वडिलांचंच कॉलेज व्हर्जिनिया टेक त्याला शिष्यवृत्तीशिवाय संघात घ्यायला तयार होतं, बस्स. शेवटी तो नॉर्थ कॅरोलिनातल्या डेव्हिडसन या छोट्या कॉलेजात गेला. २००८च्या एनसीएए स्पर्धेत त्याने गोंझागावर ४०, जॉर्जटाउनवर ३० आणि विस्कॉन्सिनवर ३३ गुण केले. पुढच्या फेरीत डेव्हिडसन कॅन्ससकडून ५७-५९ असं दोन गुणांनी हरलं. पुढच्या मोसमात करीची सरासरी होती २८.६.

म्हणजे दोन गार्ड, दोघेही देशात सगळ्यात जास्त गुण करणारे, सरासरीत फरक ०.३चा. दोघांचा फ्री थ्रोचा हिशोब ८७ टक्क्यांच्या वर. नेमबाजी पुढे टिकेल का याचा अंदाज बांधताना फ्री थ्रो बघतात, कारण तिथे समोर कुणी अडवायला नसतं. फक्त तुमचा हात आणि बास्केट. तेव्हा कॉलेजची तीन गुणांची रेषा २० फूट ९ इंचांवर होती आणि एनबीएची २३ फूट ९ इंचांवर. या तीन फुटांत कितीतरी कॉलेजवीर बुडतात. पण हे दोघे कॉलेजात असतानाच त्या रेषेच्या बरेच मागे उभे राहून शॉट घेत होते. मग फरक उरला कुठे?

जून २०११च्या ड्राफ्टमध्ये जिमर दहावा निवडला गेला आणि त्याच रात्रीच्या अदलाबदलीत सॅक्रामेंटो किंग्जकडे आला. पहिल्या मोसमात सरासरी ७.६. फेब्रुवारी २०१४मध्ये किंग्जने करार मोडून त्याला मोकळं केलं. मग शिकागो, न्यू ऑर्लिन्स, इकडे-तिकडे थोडे सामने, आणि शेवटी चीन. शांघायमध्ये तो पुन्हा जिमर झाला. एका सामन्यात ७३ गुण. पण एनबीएचा दरवाजा जवळजवळ बंद झाला होता. करीचं काय झालं ते सांगायला नको. २०१५चं विजेतेपद, २०१६मध्ये सगळ्याच्या सगळ्या मतांनी सर्वोत्तम खेळाडू, एका मोसमात ४०२ थ्री.

अनेक वर्षांनी ती वही हाताला लागली तेव्हा त्या दोन रेघा बघून मला लाज वाटली. मग मी दोघांचे जुने सामने इंटरनेटवर शोधून पुन्हा बघितले, या वेळी हायलाइट्स सोडून.

पहिली गोष्ट आकड्यांतच होती, मी तिच्याकडे बघितलं नव्हतं. शेवटच्या कॉलेज मोसमात करी सामन्याला सरासरी अडीच वेळा प्रतिस्पर्ध्याचा बॉल चोरत होता; जिमर १.३ वेळा. चोरलेला बॉल स्वतः फार मोठी कमाई नसतो. पण पास कुठे जाणार हे आधी ओळखणं, तिथे वेळेवर पाय पोचणं आणि हात चपळ असणं, हे सगळं त्या एका आकड्यात थोडं थोडं दिसतं. एनबीएत समोरचा गार्ड दर वेळी तुमच्यापेक्षा वेगवान असतो, तेव्हा नेमके हेच पाय लागतात.

दुसरी गोष्ट कुठल्याच आकड्यात नव्हती. २५ नोव्हेंबर २००८, डेव्हिडसन विरुद्ध मेरीलँडचं लोयोला. लोयोलाच्या प्रशिक्षकांनी ठरवलं की काहीही झालं तरी करीच्या अंगावर सतत दोन खेळाडू ठेवायचे. करीने काय केलं? तो कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. ते दोघे त्याच्यासोबत कोपऱ्यात. उरलेल्या कोर्टवर डेव्हिडसनचे चार आणि लोयोलाचे तीन. देशातल्या सगळ्यात मोठ्या नेमबाजाने सामन्यात तीन शॉट घेतले. गुण शून्य. डेव्हिडसन ७८-४८ असं तीस गुणांनी जिंकलं.

वीस वर्षांच्या मुलाने, ड्राफ्टच्या वर्षात, सगळे स्काउट आकडे मोजत असताना शून्य मान्य करणं सोपं नसतं. पण मला त्यात त्यागापेक्षा अक्कल जास्त दिसली. बॉल हातात नसतानाही आपण सामना हलवू शकतो हे त्याला कळलं होतं. त्याच्या आधीच्या मोसमात तर संघाचा पॉइंट गार्ड जेसन रिचर्ड्स होता. करी स्क्रीनच्या आडून धावत सुटून शॉट घ्यायचा. मग एक वर्ष त्याने स्वतः पॉइंट गार्ड सांभाळला. म्हणजे बॉल घेऊन आणि बॉलशिवाय, दोन्ही शिकून तो निघाला.

जिमरचा शेवटचा कॉलेज सामना फ्लोरिडाशी होता. ३२ गुण. तेव्हा मी वहीत ३२ला गोल केला होता. आता मोजलं : ३२ गुणांसाठी २९ शॉट, त्यातले ११ आत, १५ थ्रीपैकी तीन आत. बॉल कायम त्याच्याच हातात. बाकीचे चौघे बघत उभे. संघ जादा वेळेत हरला. चूक त्याची म्हणणं अन्याय होईल. त्या संघाला तो सोडून दुसरा रस्ता नव्हता. पण एनबीएत जो गार्ड पहिल्या वर्षी येतो त्याला कुणी बॉल देऊन 'तू काय ते कर' म्हणत नाही. बॉल दुसऱ्याकडे असताना हा मुलगा काय करेल, हा खरा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मला माहीतच नव्हतं, कारण मी ते बघितलंच नव्हतं.

इथे थांबलं तर गोष्ट फार नीटनेटकी होते. आणि नंतरच्या शहाणपणाला काय लागतं? तेव्हा २००९च्या ड्राफ्टमध्ये करी सातवा होता. मिनेसोटाने पाचव्या आणि सहाव्या क्रमांकावर लागोपाठ दोन पॉइंट गार्ड निवडले आणि दोन्ही वेळा करीला सोडलं. हे लोक मूर्ख नव्हते. शिवाय करीचे घोटे वारंवार दुखावत होते; २०११ आणि २०१२मध्ये त्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. ते घोटे बरे झालेच नसते तर आज त्या लोयोलाच्या सामन्याबद्दल कुणी लिहिलं असतं का? उलट जिमरचा पहिला मोसम लॉकआउटमुळे ख्रिसमसला सुरू झाला, सरावाला धड वेळ नाही, आणि दोन आठवड्यांत संघाने प्रशिक्षक बदलला. रोप कसलं आहे हे जेवढं महत्त्वाचं, तेवढीच जमीनही.

आणि उंचीचं म्हणाल, तर किंग्जने त्याच रात्री अगदी शेवटी, साठाव्या क्रमांकावर, पाच फूट नऊ इंचांचा एक गार्ड घेतला होता : आयझेया थॉमस. पहिला मोसम संपता संपता तो सुरुवातीच्या पाचांत होता आणि जिमर बाकावर. पुढे बॉस्टनकडून २०१६-१७ मध्ये थॉमसची सरासरी होती २८.९. दशांशासकट जिमरच्या कॉलेजच्या आकड्याइतकी, पण एनबीएत. त्यानंतर त्याचं हिप गेलं आणि तो पुन्हा तसा खेळू शकला नाही. आता याच्याबद्दलचा अंदाज कुणाचा बरोबर, कुणाचा चूक?

माझी चूक मात्र साधी होती आणि ती कळायला मला फार वेळ लागला. २००६ साली मी विद्यापीठाच्या ट्रायल्स दिल्या होत्या. निवड समितीतल्या एका सरांनी यादी लावायच्या आधी मला सांगितलं होतं, "हात छान आहे गं तुझा. पण उंची..." ते वाक्य मी पाच वर्षं सांभाळून अमेरिकेला घेऊन गेले. टीव्हीवर एक बुटका, जड पायांचा, सुंदर हाताचा मुलगा दिसला आणि मी त्याच्या नावाने माझंच अपील चालवायला बसले. त्याने जिंकावं म्हणजे सर चुकले हे सिद्ध होईल. स्काउटिंग कसलं, ती वही म्हणजे तक्रारवही होती.

मध्यंतरी त्या ट्रायल्समधली एक मैत्रीण भेटली. मी तिला ही उंचीची गोष्ट पुन्हा ऐकवली. ती हसली आणि म्हणाली, "अगं, उंचीचं काय घेऊन बसलीस? त्या दिवशी नागपूरच्या मुलीने तुला चार वेळा उजवीकडून मागे टाकलं होतं. मी बाकावर होते. मोजत होते." मला यातलं एकही आठवत नव्हतं. मी घेतलेले शॉट मात्र अजून सगळे आठवतात.

नवव्या दिवशी मी भाचीला लिहिलं : 'हा व्हिडिओ नको. एक अख्खी मॅच पाठव. ज्यात तुझे गुण कमीत कमी झालेत ती.'

तिला राग आला असावा, कारण दोन दिवस काही नाही. मग एक लिंक आली. कुणीतरी पायरीवर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलेला फोन, अर्धा कोर्ट कधी दिसतो, कधी नाही. भाचीचे चार गुण. मी दोनदा बघितली. बॉल गेला की ती मान खाली न घालता आधी मागे धावते. बॉल दुसरीकडे असताना उभी राहत नाही. कोपऱ्यातून मध्ये, मध्यातून कोपऱ्यात, आणि तिच्या मागे जाणाऱ्या मुलीमुळे दोनदा रस्ता मोकळा झाला. पण डावीकडे सरकताना तिचे पाय एकमेकांत अडकतात. सहा वेळा. मोजले.

हे सगळं तिला लिहून पाठवलं. रेल्वेत होईल की नाही ते मला सांगता येत नाही, हेही लिहिलं. ट्रायल्स दे, डिग्रीही कर, आणि आईशी बोलताना चिडू नकोस, हे मावशी म्हणून.

रात्री उत्तर आलं. "डावीकडचं कळलं. उद्यापासून करते. पण उंचीबद्दल काहीच नाही बोललीस?"

मी लिहिलं, "ती तुला माहीत आहे."