वयाची अट निघाली तेव्हा

2022च्या मार्चमध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेची कमाल वयाची अट काढून टाकल्याची बातमी आली. आधी नियमात खुल्या गटासाठी 25 वर्षांची मर्यादा होती. प्रकरण कोर्टात होतं. मामेभावाने बातमी पाठवून खाली लिहिलं, ‘ताई, आता तरी बस परीक्षेला.’ मी तेव्हा आयसीयूत स्टाफ नर्स होते.

आमची बारावी 2016ची. स्टेट बोर्डाची पुस्तकं घोकून सीईटी द्यायची, एवढंच ठाऊक होतं. परीक्षा तोंडावर आली आणि सर्वोच्च न्यायालयाने नीट सक्तीची केली; मे महिन्यात अध्यादेश निघाला आणि तेवढ्या वर्षापुरती सरकारी जागांसाठी सीईटी राहिली. त्या गोंधळावर खापर फोडत नाही, माझे मार्कच कमी होते. खासगी कॉलेजची फी विचारायलाही बाबा गेले नाहीत. ड्रॉप घेऊन लातूरला राहायचं तर क्लास आणि मेस मिळून खर्च झेपणारा नव्हता. बीएस्सी नर्सिंगला चार वर्षं आणि पुढे लगेच नोकरी, म्हणून गेले. सेवाभाव वगैरे काही नव्हता. लोक तो शब्द काढायला लागले की पगाराचा विषय टळणार, हे आता मला कळतं.

मामेभावाच्या त्या मेसेजने मी हलले, कारण त्याच सुमारास एक रात्र होऊन गेली होती. पोटाचं ऑपरेशन झालेले एक आजोबा. ड्यूटीचा ओव्हर घेतला तेव्हा बीपी बरं होतं, ऑक्सिजनही ठीक. पण श्वास मिनिटाला 28 पडत होते, युरोबॅगमध्ये तासाभरात जेमतेम लघवी आली होती, आणि संध्याकाळी मला ‘सिस्टरबाई’ म्हणून हाक मारणारा माणूस आता सुनेचं नाव घेऊन मलाच बोलावत होता. जंतुसंसर्ग रक्तात भिनतोय, असं वाटलं. रेसिडेंटला फोन केला. ‘बीपी ठीक आहे ना? वॉच ठेवा.’ अर्ध्या तासाने पुन्हा केला. तिसऱ्यांदा मी थेट रजिस्ट्रारना उठवलं. ते आले, कल्चर पाठवलं, अँटिबायोटिक बदललं, सलाईन जोरात सोडलं. आजोबा वाचले.

काय करायला हवं ते मला दिसत होतं आणि केसपेपरवर ऑर्डर लिहायचा अधिकार मात्र नव्हता. हा सल सोसवत नाही. त्या आठवड्यात मी फिजिक्सचं पुस्तक खरंच उघडलं.

हिशेब मांडला तेव्हा मात्र गंमत कळली. आपल्याकडे नर्सला एमबीबीएसच्या मधल्या वर्षाला प्रवेश नाही. शरीररचना, औषधं, आयसीयूतली वर्षं, सगळं शून्य धरून पुन्हा अकरावी-बारावीचं फिजिक्स, 720 मार्कांचा पेपर, मग साडेचार वर्षं आणि इंटर्नशिपचं एक. पुढे एमडी हवं तर आणखी तीन. हे जमलं असतं, नाही असं नाही. माझ्या बॅचमधला एक ब्रदर तयारीला लागलाय.

मी त्या रेसिडेंटचा विचार करत राहिले. त्याच्यावर राग होता, पण तो आदल्या सकाळपासून ड्यूटीवर होता, खाली कॅज्युअल्टी आणि दोन वॉर्ड त्याच्याच गळ्यात. आजोबांना त्याने त्या रात्री किती वेळ पाहिलं असेल? पाच मिनिटं. सुनेचं नाव त्याला कुठून कळणार? मला कळलं कारण मी कॉटशीच उभी होते, कूस बदलत होते, तोंड पुसत होते. माझं निदान तिथून आलं होतं. डॉक्टर झाले असते तर ऑर्डर लिहिता आली असती, पण ती जागा सुटली असती. आणि खरं सांगायचं तर मला तीच जागा आवडते, राऊंडपेक्षा जास्त.

अधिकार मात्र हवाय. क्रिटिकल केअरमध्ये नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आपल्याकडे आहे. ठरलेल्या प्रोटोकॉलच्या चौकटीत काही औषधं, काही तपासण्या तिने ठरवाव्यात, अशी त्यामागची कल्पना. कॉलेजं थोडी, शिकून आल्यावर तसं पद मिळेलच असंही नाही. मी त्याचाच फॉर्म भरला. मामेभाऊ रुसला. मॅट्रन मॅडमनी सही केली आणि रजा बिनपगारी असेल, हेही लगेच सांगितलं.

घरी फोन केला तेव्हा आईने विचारलं, “मग तू डॉक्टर की नर्स?”

“नर्सच.”

“पण औषध लिहिणार?”

“लिहू दिलं तर.”