ताडोबाच्या तळ्याकांठीं

आमचा धाकटा बंधु वनखात्यांत नोकरीस होता. ताडोबाच्या अरण्यांत त्याची बदली झाली, तेव्हांपासून दर उन्हाळ्यांत त्याचें पत्र येई : "दादा, वाघ पाहावयास नव्हे, ऐकावयास या." उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, घरांतील मुंजी, कौलें चाळणें, अशीं कारणें आम्ही दर वर्षीं कळवीत असूं. खरें कारण निराळें होतें. वाड्याच्या वांटणींत मागील पडवी त्याच्याकडे गेली, एवढ्यावरून आमचें मन त्याच्याविषयीं खट्टू झालें होतें. गतवर्षीं तो निवर्तला, आणि यंदा वैशाखांत पुतण्यास बरोबर घेऊन आम्ही निघालों.

'राष्ट्रीय उद्यान' या नांवावरून कोणी ताटवे व कारंजीं मनांत आणील तर फसेल. १९५५ सालीं जाहीर झालेलें हें उद्यान महाराष्ट्रांतील सर्वांत जुनें. १९८६ चें अंधारी अभयारण्य धरून हा मुलूख सुमारें ६२५ चौरस किलोमीटर भरतो. मोहर्लीच्या फाटकांतून पहांटे उघडी जिप्सी आंत शिरली. साग निष्पर्ण उभे, खालीं बांबूचीं दाट बेटें, आणि मध्येंच पांढऱ्या सालीचें एखादें कडईचें झाड, अंधारांत भुतासारखें.

२००७ पासून येथील कांहीं गांवें बाहेर वसविण्यांत आलीं. नवेगाव, जामनी येथें जेथें नांगर चालत, तेथें आतां गवत वाढलें आहे व चितळांचे कळप चरतात. आमच्या वाटाड्यानें एक चिंच दाखविली व म्हणाला, "हें आमच्या आजीचें अंगण." त्याच्या स्वरांत तक्रार नव्हती. आम्हांस मात्र उगाच आपली पडवी आठवली, आणि कांहीं वेळ आम्हीं कोणाकडे पाहिलें नाहीं.

पुढें ताडोबाचें तळें लागलें. पाण्याच्या कडेला मगरी पडल्या होत्या. वाघाशीं झुंजतां मरण पावलेला गांवचा प्रमुख तारू येथें देव झाला, अशी कथा आहे. तळ्याकांठीं झाडाखालीं त्याचें ठाणें आहे, आणि पौषांत आदिवासी मंडळी त्याच्या दर्शनास येतात. ज्यानें मारिलें त्या वाघाचा त्यांनीं द्वेष केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

इतक्यांत झाडावरून वानर खेंकसलें. लागलीच चितळाची तीक्ष्ण हाक, मग दुसरी, थोडी जवळ. पुतण्यानें आमच्या हातावर हात ठेविला. "काका, आतां ऐका. बाबा याच जागीं गाडी थांबवीत." संस्कृत काव्यांतील मृग शिकविण्यांत आम्हीं बत्तीस वर्षें घालविलीं, पण भ्यालेलें हरिण ओरडतें कसें, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. अर्धा तास आम्ही निश्चळ बसलों. वाघ दिसला नाहीं.

चंद्रपूर स्टेशनावर गाडीची वाट पाहात असतां पुतण्या हळूच म्हणाला, "आईला एकदां वाडा पाहावयाचा आहे." मागील पडवीचीं कौलें पावसाळ्यापूर्वीं चाळून घेतों, तिला तेथेंच उतरावयास सांग, असें आम्हीं त्यास सांगितलें.